पाकोळीची पिवळी खूण

शाल्मली सकपाळ तीनदा पडली, आणि तिन्ही वेळा एकाच दगडापाशी पडली.

एखादा माणूस एकदा पडला तर लोक त्याला अपघात म्हणतात. दुसऱ्यांदा पडला तर धांदरटपणा म्हणतात. पण तिसऱ्यांदाही त्याच जागी, त्याच तऱ्हेने, हँडलवरून थेट पुढे पडला, तर मात्र तिथे काहीतरी कोडं आहे असं समजावं आणि त्याला धांदरट म्हणणं थांबवावं. उंबरटेप गावात तसं कोणी समजलं नाही. खुद्द शाल्मलीनेही नाही. तिने एवढाच निष्कर्ष काढला की आपल्याला सायकल चालवता येत नाही, आणि तिचं तोंड आठवडाभर पडलेलं राहिलं.

ही गोष्ट २०५८ सालची. उंबरटेप सह्याद्रीच्या एका पठाराखाली आहे. पठारावर सहा झरे आहेत आणि सगळं गाव त्यांचंच पाणी पितं. म्हणून दर आठवड्याला त्या पाण्याचे नमुने शाळेच्या प्रयोगशाळेत तपासले जातात. वर जायला गाडीरस्ता नाही. ड्रोन पाठवावा, तर समोरच्या कड्यावर गिधाडं पुन्हा घरटी करू लागली आहेत आणि त्यांच्या विणीच्या दिवसांत ड्रोन उडवायला सक्त मनाई आहे. राहता राहिली सायकल. तेव्हा गावातल्या मुलामुलींचं एक झरे-पथक आहे. सायकलवर चढण चढायची, पाणी भरायचं, आणि सहा बाटल्या पाठीवरच्या पेटीत घालून जंगलातल्या पायवाटेने खाली उतरायचं.

बाटल्या काचेच्या असतात. कारण पाण्यात सूक्ष्मप्लास्टिक (डोळ्यांना न दिसणारे प्लास्टिकचे कण) आहे का, हेच तर तपासायचं असतं. प्लास्टिकच्या बाटलीतून पाणी आणलं, तर सापडलेला कण झऱ्यातला की बाटलीतला हे कसं कळणार?

पथकात यायला बारा वर्षं पूर्ण लागतात आणि चार संधी मिळतात. एका तरी फेरीत सहाच्या सहा बाटल्या शाबूत आणायच्या. शाल्मलीच्या तीन संधी संपल्या होत्या, आणि तिन्ही मिळून सात बाटल्या वाटेतल्या त्याच दगडापाशी, नाकदगडापाशी, फुटल्या होत्या. चौथी फेरी उद्या, रविवारी सकाळी. ती हुकली की पुढची निवड दोन वर्षांनी.

शनिवारी दुपारी ती सायकल ढकलत पथकाच्या कारखान्यात आली. तिथे काम करायला एक यंत्रमानव होता. तो पूर्वी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कंपनीत मुलांची मापं घ्यायचा. त्याच्या उजव्या हातातून मोजपट्टी निघायची, डाव्या हातातून पान्हे निघायचे, आणि पोरं त्याला मीटरराव म्हणायची. गणवेशाच्या कंपनीतली सवय जाईना, म्हणून तो सगळ्यांना ‘आपण’ म्हणायचा, अगदी बालवाडीतल्या मुलालासुद्धा.

“मीटरराव, ही पाकोळी परत घे,” शाल्मली म्हणाली. “दुसऱ्या कुणाला तरी दे. मी उद्या जात नाही.”

“कारण?”

“मला जमत नाही. आत्याची सायकल आहे ती. आत्या असती तर डोळे मिटून उतरली असती.”

हे मात्र खरं होतं. पाकोळी ही ईश्वरी आत्याची सायकल. आत्याने दहा वर्षं पथकात काढली आणि एकही बाटली फोडली नाही. आता ती पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकावर दुरुस्तीचं काम करत होती. ती गेल्यापासून पाकोळी कारखान्याच्या भिंतीवर टांगलेली होती. शाल्मलीला बारा पूर्ण झाली तेव्हा ती समारंभाने खाली काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली. त्या दिवशी शाल्मली घरापर्यंत सायकलवर बसलीच नाही, हातात धरून चालत गेली.

पथकात एक रीत होती. प्रत्येक सायकलच्या सीटच्या दांड्यावर तिच्या नावाजलेल्या स्वाराची रंगाची खूण असायची. ती खूण फ्रेमच्या तोंडाशी टेकेल एवढाच दांडा आत घालायचा, ना कमी ना जास्त. पाकोळीची खूण पिवळी होती आणि तिच्या वर पथकाच्या क्रमांकाची जाड पट्टी गुंडाळलेली होती. आत्याची खूण हलवायची म्हणजे काय, असं नुसतं मनात आणायलाही शाल्मली धजली नसती.

मीटररावाने सायकल परत घेतली नाही. “सायकल परत घेण्यासाठी बिघाड लिहावा लागतो,” तो म्हणाला. “बिघाड सांगा.”

“सायकलीत बिघाड नाही. माझ्यात आहे.”

“माझ्या यादीत तो रकाना नाही. आपण बसा. पाहू.”

त्याने पाकोळीची दोन्ही चाकं घोडीत अडकवली. शाल्मली तोंड वाकडं करून सीटवर चढली.

“उजवं पायडल सगळ्यात खाली आणा. आता त्यावर चवडा नको, टाच ठेवा.”

शाल्मलीने टाच खाली नेली. टाच पायडलपर्यंत पोचेना. पोचवायला तिला कंबर उजवीकडे कलती करावी लागली.

“सीटची उंची बरोबर असेल, तर टाच पायडलवर टेकते आणि गुडघा सरळ होतो,” मीटरराव म्हणाला. “मग टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकतो. चढणीला तेवढाच वाक हवा. त्याहून जास्त वाकला, म्हणजे सीट फार खाली असली, तर मांड्या लवकर दमतात. आणि सीट फार वर असली तर आपलं होतं तसं होतं. आपण पायडल मारत नाही, सीटवर डावीउजवीकडे डुलता. पठारावर पोचेपर्यंत कंबर दुखते?”

“दुखते,” शाल्मली चाचरत म्हणाली. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आत्याची कधी दुखली नव्हती ना!

मोजपट्टी सर्रकन बाहेर आली. मीटररावाने आधी तिच्या पायाचं आतल्या बाजूने माप घेतलं, मग पायडलच्या आसापासून (ज्या दांड्याभोवती पायडल फिरतात तिथपासून) सीटच्या माथ्यापर्यंतचं. “सीट साडेअडुसष्ट सेंटीमीटरवर आहे. आपल्या पायांना चौसष्ट हवी. साडेचार सेंटीमीटर जास्त.”

“बरं, चढताना कंबर दुखते. पण मी चढताना कुठे पडते? मी उतरताना पडते,” शाल्मली म्हणाली. पोरगी रडवेली असली तरी डोकं चालू होतं.

“उत्तम प्रश्न,” मीटरराव म्हणाला आणि त्याने एक फळी, ग्रीसचा उभट डबा आणि बुटाच्या पॉलिशची चपटी डबी काढली. ग्रीसचा डबा फळीवर उभा ठेवला आणि फळीचं एक टोक हळूहळू उचललं. थोडी तिरपी होताच डबा धाडकन आडवा झाला. मग त्याने पॉलिशची डबी ठेवली. फळी आणखी तिरपी केली, आणखी केली. डबी घसरायला लागली, पण उलटली नाही.

“प्रत्येक वस्तूला गुरुत्वमध्य असतो,” मीटरराव म्हणाला. “गुरुत्वमध्य (वस्तूचं सगळं वजन जणू जिथे एकवटलं आहे असा बिंदू) उंचावर असेल तर थोड्याशा तिरपेपणानेही तोल जातो. खाली असेल तर बराच तिरपेपणा चालतो. आता हे पाहा.”

भिंतीवर चित्रफीत उमटली. नाकदगडाजवळच्या झाडावर पथकाचा कॅमेरा होता, त्याने टिपलेली शाल्मलीची तिसरी फेरी. शाल्मलीने मान फिरवली.

“पाहावं लागेल,” मीटरराव म्हणाला. “मी पडण्याच्या आधीच थांबवलं आहे.”

चित्रात पाकोळीचं पुढचं चाक दगडावरून खाली झुकलं होतं आणि शाल्मली उंच सीटवर बसलेली होती. मीटररावाने गवंड्याचा ओळंबा घेतला आणि भिंतीवरच्या शाल्मलीच्या बेंबीपाशी त्याची दोरी धरली. वजन सरळ खाली लोंबलं आणि पुढच्या चाकाच्या आसावर येऊन थांबलं.

“ही दोरी दोन चाकांच्या मधे पडते तोवर सायकल उलटत नाही. इथे ती पुढच्या चाकावर आलीच आहे. त्यात आपण ब्रेक दाबलात. ब्रेक दाबला की सायकल थांबते, पण अंग पुढेच जायला बघतं. झालं.”

“ग्रीसचा डबा,” शाल्मली पुटपुटली.

“ग्रीसचा डबा. उतारावर अंग खाली आणि मागे न्यायला हवं. सीट मधे येत असेल तर नेणार कुठे? म्हणजे चढायला सीट वर हवी आणि उतरायला खाली. एकाच फेरीत दोन उंच्या. त्यासाठीच या सायकलीला ड्रॉपर (कळ दाबली की खाली-वर होणारा सीटचा दांडा) आहे.”

“ते मला माहीत आहे. मी कळ दाबतेच की!”

“दाबून दाखवा.”

शाल्मलीने हँडलवरच्या कळीपर्यंत अंगठा नेला. तिथे पोचायला तिला मूठ सोडावी लागली. कळ दाबून ती सीटवर बसली. सीट कुरकुरत चार बोटं खाली गेली आणि जणू विचार करत बसली.

“या दांड्याचा पल्ला पंधरा सेंटीमीटर आहे,” मीटरराव म्हणाला. “एका सेकंदात सात गेले. पूर्ण खाली जायला दोन सेकंद लागतात. शेवटच्या वळणापासून नाकदगडापर्यंत आपल्याला एकच सेकंद मिळतो.”

“आत्या बसली की खस्सकन जायचा,” शाल्मली म्हणाली. “मला वाटायचं माझ्यातच जोर कमी आहे.”

मीटररावाने प्रथमोपचाराच्या पेटीतली बिनसुईची पिचकारी तिच्या हातात दिली. “दट्ट्या मागे ओढा. तोंडावर बोट दाबून धरा. आता दट्ट्या दाबा.”

शाल्मलीने दाबला. दट्ट्या थोडा आत गेला, आणि सोडला तसा आपणहून मागे आला.

“आत कोंडलेली हवा. दाबली की आक्रसते, सोडली की फुगते. दांड्याच्या आत तेच आहे. सीट वर ढकलायचं काम ती हवा करते.” मग त्याने पिचकारीत तेल भरून दिलं. या वेळी शाल्मलीने दात-ओठ खाल्ले तरी दट्ट्या हलला नाही. “तेल आक्रसत नाही. म्हणून सीट हवी तिथे अडवून धरायचं काम तेल करतं. कळ दाबली की तेलाची वाट उघडते. आपण बसलात तर सीट खाली जाते, उठलात तर हवा तिला वर आणते. कळ सोडली की वाट बंद. सीट असेल तिथे पक्की.”

शाल्मली पिचकारीकडे बघत राहिली. “मग आतली हवा जर खूप ठासून भरलेली असेल…”

“बोला.”

“तर दाबायला जड वजन लागेल. आत्या साठ किलोची होती. मी चौतीस.”

“आपल्या आत्यांना सीट झटकन वर यायला हवी असायची, म्हणून त्या हवा ठासून भरत. तशी नोंद आहे.”

शाल्मली सीटवरून उतरली. तिचे कान लाल झाले होते. “म्हणजे माझं काहीच चुकलं नव्हतं?”

“चुकलं होतं,” मीटरराव म्हणाला. त्याला धीर द्यायला कोणी शिकवलं नव्हतं. “सीट खाली जात नाही हे आपण तीन फेऱ्यांत एकदाही सांगितलं नाहीत. सात बाटल्या फुटल्या.”

“मग कर ना दुरुस्त!”

“हवा कमी करतो. कळ अंगठ्याजवळ सरकवतो. उंची बदलता येणार नाही. पथकाचा नियम चार: खुणेला हात लावू नये. ढेबे मावशींची परवानगी लागेल.”

सुंदरा ढेबे मावशी म्हणजे पथकाच्या प्रमुख. पथक त्यांनीच उभं केलं होतं आणि नियमही त्यांचेच. त्यांना बोलावणं गेलं. त्या हातातलं काम टाकून आल्या, पण ऐकून घेतल्यावर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ईश्वरीची खूण हलवायची? आगं, उद्या ती वरून इचारंल, तर काय सांगू मी तिला?”

एरवी शाल्मलीने इथेच माघार घेतली असती. पण आता तिला ओळंब्याची दोरी दिसत होती.

“मावशी, मला ती खूण आवडते,” ती म्हणाली. “पण माझे पाय आत्याएवढे नाहीत. सीट अशीच राहिली तर मी उद्या जाणार नाही. अजून बाटल्या फोडायच्या नाहीत मला.”

मावशींनी तिच्याकडे बघितलं, मग पाकोळीकडे. “किती खाली घालायचं म्हणतोस, मीटर?”

“साडेचार सेंटीमीटर.”

“बघू तरी जातंय का.”

आधी क्रमांकाची पट्टी काढावी लागणार होती, कारण ती जाड होती आणि तिच्यासकट दांडा फ्रेममध्ये शिरला नसता. दहा वर्षांचा चिकटलेला गोंद. शाल्मलीने नखाने एक टोक उचकटलं आणि पट्टी सोलली. मीटररावाने चिंधीने गोंद पुसला आणि थांबला.

“इथे आणखी खुणा आहेत,” तो म्हणाला.

पिवळ्या खुणेच्या वर, पट्टीने झाकलेल्या जागेत, एकावर एक तीन बारीक रेघा होत्या. फिकट, पण पिवळ्याच. प्रत्येकीशेजारी ब्रशच्या टोकाने लिहिलेला आकडा. सगळ्यात वर १२. मग १३. मग १५.

मावशींनी चष्मा लावला, वाकून पाहिलं, आणि मटकन बाकावर बसल्या. “आगं बाई! ह्या तर म्याच मारलेल्या. ईश्वरी बारा वर्साची आली तवा दांडा एवढा आत हुता. ती वाढली तसा वर काढत गेलो.” त्या हसायला लागल्या. “धुवायला सायकल खोलली की परत किती आत घालायचं ते कळावं, म्हणून खूण. तेवढ्याचसाठी. आन् पुढं तिचा देव्हारा कुणी केला? म्याच की!”

शाल्मली त्या वरच्या रेघेवरून बोट फिरवत होती. आत्याही कधीतरी बारा वर्षांची होती आणि तिचेही पाय पुरत नव्हते, हे तिला आजवर सुचलंच नव्हतं. तिला एकदम हलकं वाटलं.

“लाव हात,” मावशी म्हणाल्या.

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. क्लॅम्प सैल करून शाल्मलीने दांडा खाली ढकलला, तर तो एक सेंटीमीटर जाऊन अडला. मीटरराव पान्हा घेऊन नुसता उभा. शाल्मलीने सायकलला एक फेरी मारली. कळीपासून दांड्यापर्यंत जाणारी तार फ्रेमच्या आत दुमडून बसली असणार. तिने पुढच्या बाजूने तार हळूहळू ओढून घेतली आणि दांडा पुन्हा सरकू लागला. तीन सेंटीमीटरवर मात्र कायमचा थांबला. आत बाटलीच्या स्टँडचा स्क्रू आडवा आला होता. नेमकी तिथेच आत्याची बारा वर्षांची रेघ फ्रेमच्या तोंडाशी टेकली.

“अजून दीड सेंटीमीटर राहिलं,” शाल्मली हिरमुसली.

“ते आतून काढू.” मीटररावाने दांडा उघडून त्यात दीड सेंटीमीटरचा अडसर (दांड्याला पूर्ण वर येऊ न देणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा) बसवला. “आता पल्ला पंधराऐवजी साडेतेरा. वरची उंची बरोबर चौसष्ट. आपण वाढलात की अडसर काढून टाकू.”

मग हवा. सीटखालच्या व्हॉल्व्हमधून थोडी सोडायची, बसून पाहायचं, पुन्हा थोडी. एकदा जरा जास्तच सुटली आणि सीट खाली गेली ती वर येईना, तेव्हा पंपाने परत भरावी लागली. पाचव्या खेपेला शाल्मलीने मूठ न सोडता अंगठ्याने कळ दाबली, बसली, आणि सीट खस्सकन खाली गेली. ती उठली, कळ दाबली, सीट वर. पुन्हा खाली. पुन्हा वर. असं तिने किती वेळा केलं हे मीटररावाने मोजलं होतं, पण सांगितलं नाही.

रविवारी सकाळी ती पठारावर पोचली तेव्हा पहिल्यांदाच तिची कंबर दुखत नव्हती. सहा बाटल्या भरल्या, पेटीत घातल्या. उतार सुरू झाला. शेवटचं वळण आलं तशी तिची बोटं सवयीने ब्रेककडे गेली. सायकल दुरुस्त होते, भीती लगेच होत नाही. समोर नाकदगड. तिने कळ दाबली, क्षणभर टेकली, सीट खाली गेली. मग ती पायडलवर उभी राहिली, गुडघे वाकवले आणि कंबर पार मागे, मागच्या चाकाच्या वर नेली. पुढचं चाक दगडावरून खाली उतरलं. मागचं उतरलं. आणि पुढे नुसती वाट होती.

थांबायचं भान तिला थेट शाळेच्या फाटकापाशी आलं. मावशींनी पेटी उघडली. एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. सहा.

शाल्मली फाटकाला टेकून रडली. आनंदानेच, पण चांगली मोठ्याने.

मावशींनी नियम चार खोडला आणि त्या जागी दुसरा लिहायला लावला: दर सहा महिन्यांनी स्वाराचं माप घ्यावं. मीटररावाला तो फार पसंत पडला. त्याने त्याच दुपारी सगळ्या पथकाची मापं घेतली, आणि नऊ जणांच्या सीट चुकीच्या निघाल्या.

संध्याकाळी अवकाशस्थानकावरून आत्याचा फोन आला. पडद्यावर तिचे केस चहूकडे तरंगत होते. सगळी हकिगत ऐकून ती खो-खो हसली.

“अगं, इथेसुद्धा तेच! अवकाशात पाठीच्या मणक्यांवर वजनाचा दाब नसतो, म्हणून ते मोकळे होतात. मी इथे तीन सेंटीमीटर उंच झालेय. माझा अंतराळवेष (अवकाशात बाहेर पडताना घालायचा कपडा) पुन्हा मापाने बसवून घ्यावा लागला. जमिनीवर उतरले की परत आखूड.” मग ती पडद्याजवळ आली. “पाकोळी दाखव बघू.”

शाल्मलीने कॅमेरा सीटच्या दांड्याजवळ नेला. फ्रेमच्या तोंडाशी आत्याची बारा वर्षांची रेघ होती, आणि तिच्यालगत एक नवी, हिरवी रेघ.

“अय्या, आणि माझी पिवळी खूण कुठे गेली?”

“आत आहे,” शाल्मली म्हणाली. “मी वाढेन तशी येईल ना ती बाहेर.”